पहिला कॅराव्हॅन ट्रेलर: आधी छप्पर आणि चाकं, आतला संसार नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गोव्यात डिचोलीला, एका ॲक्सलचा, आतून साधारण चार मीटर लांबीचा जुना कॅराव्हॅन ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) नुकताच घेतलाय, आणि दसरा झाला की तुम्ही आणि यजमान फिरायला निघणार. आत बसवायच्या वस्तूंची यादीही तुम्ही दिली आहे: एसी, फ्रीज, टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, सोलर. यातलं आधी काय घ्यावं, आणि देखभाल स्वतः शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

यादीतली एकही वस्तू पावसाळ्याआधी घेऊ नका. मिरग लागायला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्या वेळात आणि तेवढ्याच पैशांत छप्पर आणि चाकं यांचं काम उरकून घ्या. मी आधी बोटींचे ट्रेलर दुरुस्त करायचो, पुढे कॅराव्हॅनही यायला लागल्या. आपल्याकडे वापरून झिजलेला ट्रेलर मला क्वचितच दिसतो. दिसतात ते पाण्याने खाल्लेले. किनारपट्टीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, उरलेल्या महिन्यांत खारा दमट वारा. इथे ट्रेलर अंगणात उभा असतानाच सर्वांत जास्त खराब होतो.

छपरापासून सुरू करते वेळी एक लक्षात ठेवा, पत्रा सहसा गळत नाही, सांधे गळतात. छताच्या कडेची पट्टी, वरची हवेची खिडकी, केबल आत येते ती जागा, खिडक्यांच्या चौकटी, मागच्या दिव्यांचे स्क्रू. तपासायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून बागेच्या नळीने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून वर न्यायचं: आधी खालचा सांधा पाच-दहा मिनिटं, मग त्याच्या वरचा. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडून येतो आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर अजिबात वापरू नका. तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

आतून भिंतीवर, कोपऱ्यांत, खिडकीच्या खाली अंगठ्याने दाबून पाहा. प्लायवूड घट्ट लागलं तर ठीक. मऊ लागलं किंवा वरचा कागद फुगलेला असेल तर आतली लाकडी चौकट कुजायला लागलेली आहे, आणि तो भाग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. नुसता वरून नवा सनमायका चिकटवून देतो म्हणणाऱ्या सुताराला परत पाठवा. बदलायचं प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन ग्रेडचं घ्या. आयएस ३०३ हे घरातल्या कपाटांना चालतं, इथे नको.

सांधे भरायला हार्डवेअरच्या दुकानात तुमच्या हातात सिलिकॉनची नळी ठेवतील. ती घेऊ नका. सिलिकॉन काही महिने छान दिसतो, मग कडेने सुटतो, आणि त्याचा अंश जिथे राहतो तिथे पुढे दुसरं काहीच धड चिकटत नाही. आधीच्या मालकाने तो भरला असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. मग चौकट काढता येत असेल तर तिच्या खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि बाहेरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एमएस पॉलिमर सीलंट. हे सगळं कोरड्या दिवसांत, पृष्ठभाग खडखडीत वाळलेला असताना. जूनमध्ये दोन सरींच्या मधे लावलेलं सीलंट धरत नाही.

खिडकीच्या चौकटीला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती गळती नव्हे. चौकटीत आलेलं पाणी बाहेर जायची ती वाट आहे. उत्साहाच्या भरात लोक तीही बुजवतात आणि पाणी भिंतीत उतरतं. काडीने ती मोकळी करून ठेवा.

आता पावसाळ्याचे चार महिने ट्रेलर ठेवायचा कसा. निळ्या प्लॅस्टिक ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका. आतला दमटपणा आतच कोंडतो आणि दसऱ्याला दार उघडाल तेव्हा गाद्यांवर हिरवी बुरशी असेल. जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींना पावसाआधी झापं (माडाच्या पानांचे विणलेले तट्टे) लावायची, ती पाणी अडवायची आणि वारा खेळू द्यायची. ट्रेलरलाही तसंच आच्छादन हवं: वर पत्र्याची शेड, दोन बाजू उघड्या. शेड जमत नसेल तर उघडा राहू दे, पण सांधे पक्के करून, पुढचा भाग थोडा उंच ठेवून, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही.

माडाखाली ठेवू नका. नारळ तर पडतोच, चुडत म्हणजे झावळीही पडते आणि छतावरच्या खिडकीचं प्लॅस्टिक तिने सहज फुटतं. फणसाखाली किंवा आंब्याखालीही नको. चीक आणि कुजलेली पानं सीलंटवर बसून राहतात, शिवाय फांदी टेकलेली असली की हुमले (तांबड्या मुंग्या) तिच्यावरून थेट आत येतात. गॅसची, पाण्याची, वायरींची ट्रेलरच्या तळातून येणारी भोकं स्टीलच्या काथ्याने भरा. उंदीर वायरींची प्लॅस्टिकं खातात आणि ते नुकसान हुडकायला दिवसच्या दिवस जातात.

गाद्या, पडदे घरात आणा. कपाटं, ड्रॉवर, फ्रीजचं दार उघडं ठेवा. बॅटरी काढून घरात न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सिलिंडरही बाहेर काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला गंजून चिकटतो. त्याऐवजी चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या पाचरी) लावा. ॲक्सल स्टँडवर घेऊन चाकं जमिनीपासून सोडवलीत तर उत्तमच. फक्त टेकू म्हणून जांभ्या दगडाचे चिरे रचू नका. आपल्याकडे कुठल्याही कामाला आधी चिरा हाताशी येतो, पण पावसात भिजलेला चिरा एका बिंदूवर भार आला की फुटतो. जाड लाकडी ओंडके किंवा लोखंडी स्टँड वापरा. आणि ट्रेलर नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका, अगदी हात घालण्यापुरतंही नाही.

चाकांकडे वळू या. टायरवर नक्षी छान दिसते म्हणून समाधान मानू नका. ट्रेलरचे टायर धावून झिजत नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या कुशीवर चार आकडे शोधा. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांपलीकडचा असेल किंवा कुशीवर बारीक चिरा दिसत असतील तर बदला, नक्षी कितीही खोल असो. स्टेपनीचेही आकडे पाहा, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. हवा टायर थंड असताना, ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाएवढी. चाक एकदा काढून बसवलं की नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलॉय असो की लोखंडी, पहिल्या धावेत नट थोडे सैल होतात.

बेअरिंग हा भाग मी सविस्तर सांगणार आहे, कारण तुम्हाला एकच काम स्वतःच्या हाताने शिकायचं असेल तर हे शिका. मी ते बोटींच्या ट्रेलरवर शिकलो. बोट उतरवताना गरम हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) थंड पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तुम्ही ट्रेलर समुद्रात नेणार नाही, पण जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि त्यातून तासभर धावलेलं चाक गेलं की तेच होतं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि पुढे एखाद्या चढावर चाक जाम होतं किंवा निखळून बाहेर येतं.

चाक उचलून हाताने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलं. वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर ढिलं आहे. उघडायचं असेल तर टोपी काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट सोडवा, हब बाहेर घ्या. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, पुसून उजेडात धरा. रोलरवर खड्डे, निळसर डाग किंवा ओरखडे दिसले की नवं, आणि बेअरिंग बदललं की हबमधली वाटीही नवी. नुसतं आतलं बदलून पैसे वाचवायचे नाहीत. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटींतून बाहेर येईपर्यंत. वरून माखून उपयोग नाही. आपल्या हवेला मरीन ग्रीस बरं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊनच नवं भरा, दोन जातींचं ग्रीस मिसळलं की पातळ होऊन गळतं. मागचं सील दर वेळी नवं, कॉटर पिन दर वेळी नवी. बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसेल, मग नट सैल करून फक्त बोटांनी लागेल तेवढा आवळा आणि पिन घाला. स्पॅनरने कच्चून आवळलेलं बेअरिंग घाट चढायच्या आत जळतं.

हे वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, निघायच्या आधी. बेअरिंगवरचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि ग्रीस भरलेला एक जादा संच, सील आणि पिनेसह, प्लॅस्टिकच्या डब्यात ट्रेलरमध्येच असू द्या. प्रवासात पहिल्या थांब्यावर हबजवळ हात न्या. कोमट चालेल, दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. एक बाजू हात धरवणार नाही इतकी तापली असेल तर पुढे जाऊ नका.

खालच्या सांगाड्याला तारेच्या ब्रशने गंज काढून झिंकचा प्रायमर आणि वर एपॉक्सी रंग द्या. नुसतं रेड ऑक्साइड आपल्या खाऱ्या हवेत फार टिकत नाही. समुद्राजवळ मुक्काम झाला की घरी आल्यावर खालून साध्या गोड्या पाण्याने धुवा, स्प्रिंगची पानं आणि यू बोल्ट विशेष करून. बाहेरचे स्क्रू बदलाल ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. किनाऱ्यावर ३०४ वरही तांबूस डाग येतात. आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू कधीही नको. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की भोवतालचा पत्रा पिठासारखा पांढरा होऊन झडतो.

आता वजन, कारण तुमची यादी इथेच अडते. तुमच्या भागात खाणींच्या ट्रकांमुळे वजनकाटे आहेत. ट्रेलर रिकामा असताना एकदा तोलून घ्या. पाटीवरच्या कमाल वजनातून तो आकडा वजा केला की तुमच्या हातात काय उरतं ते कळेल. समजा दोनशे किलो उरले. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. शंभर ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी अदमासे तीस किलो. छतावरचा एसी आणखी तीसेक. मग गाद्या, भांडी, कपडे. उरतं काय? शिवाय गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती किती ओढू शकते ते पाहा, आणि तिथे काही लिहिलेलं नसेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. हिच (गाडीच्या मागची ट्रेलर जोडायची जोडणी) बसवणाऱ्याचा शब्द पुरेसा नाही.

वजन कुठे ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. जड सामान खाली, ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. मागे भरलंत तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. पुढच्या टोकाचा भार एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के धरा, मात्र हिचवर आणि तिच्या बॉलवर (टोकाच्या लोखंडी गोळ्यावर) कोरलेल्या मर्यादेच्या आत. मोजायला घरातला वजनकाटा आणि वर लाकडाचा ठोकळा पुरतो. डोलणं सुरू झालंच तर जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा.

जोडणी करताना कपलर (ट्रेलरच्या टोकाची वाटी) बॉलवर बसला की जॉकी व्हीलने (पुढच्या टोकाच्या लहान टेकूच्या चाकाने) ते टोक थोडं वर चढवून गाडीचं मागचं टोक उचलतंय का ते पाहा. उचललं म्हणजे कुलूप खरंच लागलं. सुरक्षेच्या साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी टोक त्यांच्यात अडकेल, रस्त्यावर रुतणार नाही. दिवे लुकलुकत असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगचा स्क्रू काढून पत्रा चकचकीत घासा आणि जोडावर व्हॅसलिन लावा. पावसाळ्यानंतर दिव्यांची बहुतेक दुखणी तिथेच असतात.

वीज. एसी, मायक्रोवेव्ह आणि टीव्ही यादीतून काढा असं मी सुचवेन. साधा हिशेब पाहा: बारा व्होल्टचा पंखा २० वॉटचा, रात्री दहा तास म्हणजे २०० वॉट-अवर. चार एलईडी दिवे आणि दोन फोन मिळून ऐंशीच्या आसपास. लेड-ॲसिडच्या १०० ॲम्पिअर-अवर बॅटरीत १,२०० असतात, पण निम्मेच वापरावेत, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे दोन रात्री सुखाने जातात. यात लहान कंप्रेसर फ्रीज धरला की दिवसाला आणखी ५०० च्या घरात लागतात आणि एका दिवसातच खेळ संपतो. एसी तर तासाभरात बॅटरी रिकामी करेल. फ्रीज हवाच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर, तेही पहिल्या हंगामानंतर, गरज पटली तर. फेब्रुवारीच्या उन्हात १०० वॉटचं पॅनेल दिवसाला चारशेच्या जवळपास देईल, जुलैत तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. तोवर चांगली बर्फाची पेटी पुरते. बॅटरीच्या अगदी जवळ, तिच्या धन टोकावर फ्यूज हवाच.

कोणाच्या अंगणातून २३० व्होल्ट घेणार असाल तर आधी सॉकेटचं अर्थिंग टेस्टरने तपासा आणि ट्रेलरमध्ये ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वायरमनकडून बसवून घ्या. बाहेरच्या नळाजवळच्या सॉकेटला अर्थिंग नसलेली घरं कमी नाहीत. ट्रेलरची भिंत धातूची, तुमचे पाय ओल्या मातीत. इथे काटकसर चालत नाही.

गॅससाठी पाच किलोचा सिलिंडर पुरतो. तो उभा, पट्ट्याने बांधलेला, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात असावा, आणि कप्प्याच्या तळाला भोक असावं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. नळी आयएसआय शिक्क्याची, छापलेल्या मुदतीतली. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि साल असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं. त्या तिमाहीनंतर तो फेरतपासणीला जायला हवा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. चालताना सिलिंडर बंद. आत शिजवताना खिडकी उघडी, आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, फरशीलगत गॅसचा. दाराजवळ दोन किलोचं एबीसी अग्निशामक. बाहेर शिजवायचा बेत असेल तर हे ध्यानात असू द्या की पर्यटनस्थळं जपण्यासाठीच्या गोव्याच्या २००१ च्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि अशा ठिकाणी उघड्यावर शिजवायला मनाई आली. किनाऱ्यावर वाहन उतरवायलाही मनाई आहे. शेजारच्या घरमालकाला विचारून त्याच्या अंगणात थांबणं हे सर्वांनाच सोयीचं.

पाण्याची टाकी हंगामाच्या सुरुवातीला दर लिटरमागे एक मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून भरा, नळ सोडून नळ्यांतही तो वास पोचू द्या, रात्रभर ठेवा, मग दोनदा धुवा. शौचासाठी साधी कॅसेट (काढून नेता येणारी संडासाची टाकी) पुरे. ती रिकामी करायची घराच्या संडासात किंवा परवानगी घेऊन सार्वजनिक शौचालयात. ओहोळात, शेतात, खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधावर कधीही नाही. बहुतेक गावांत सेप्टिक टँक असतात, म्हणून फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध टाळा, ते टँकमधले जिवाणू मारतं. एन्झाइमवालं घ्या.

तर मिरगाआधीची खरेदी माझ्या मते एवढीच: टायर लागले तर टायर, बेअरिंगचे दोन संच, ब्यूटाइल आणि सीलंट, टॉर्क रेंच, हवेचं मीटर, ॲक्सल स्टँड, उटी, अग्निशामक. दसऱ्याच्या सुमाराला बॅटरी, दोन पंखे, गाडीला लांब आरसे, मच्छरदाणी.

कागदांबद्दल थोडं. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही वाहनच आहे, तेव्हा त्याची स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो. जुन्या मालकाकडून हस्तांतर आताच करून घ्या. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही, मुलांना तर मुळीच, बसवायचं नाही.

रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात मागे घ्यायला शिका, तुम्ही दोघंही. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्या. अगदी सावकाश. वाकडं झालं तर पुढे जाऊन सरळ करा. ट्रेलरची उंची आणि रुंदी मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. आपल्या आतल्या रस्त्यांवर फणसाची फांदी आणि कमान दोन्ही अचानक समोर येतात. फेरीबोट पहिल्या वर्षी टाळा. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि हिच किंवा मागचं टोक जमिनीला घासतं.

पहिला मुक्काम मयेच्या तळ्याच्या आसपास, ओळखीच्या कोणाच्या अंगणात, घरापासून अर्ध्या तासाच्या आत. काय विसरलं, काय जास्त घेतलं, काय गळतं, ते एका रात्रीत कळतं. मग सपाटीचा एखादा लांबचा प्रवास, ताशी साठच्या आत. चोर्ला आणि अनमोड हे घाट त्यानंतर, आणि उतरताना चढताना लागतो त्याच गिअरमध्ये, ब्रेकवर पाय टेकवून न ठेवता. चोर्ल्याला जायच्या आधी हब उघडून ग्रीस पुन्हा एकदा बघा. तोपर्यंत ते काम तुम्हाला तासाभरात जमायला लागलेलं असेल.